झोप झाली का?

आमच्या सुभेदारांना साधा नमस्कार कधी जमला नाही. कुणीही समोर आलं की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि विचारायचे, "झोप झाली का?" शिपायाला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे, कैद्याला भेटायला आलेल्या म्हातारीला विचारायचे. नेमणुकीवर हजर झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हे आमच्या अधीक्षकसाहेबांना विचारलं. साहेब अकराच्या सुमाराला तांबडे डोळे घेऊन कार्यालयात शिरत होते. सुभेदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "साहेब, झोप झाली का?" मी शेजारच्या टेबलावर होते. मनात म्हटलं, झालं, ह्यांची आजच बदली. साहेब "नाही हो, मच्छर फार," असं काहीतरी पुटपुटून आत गेले.

मी तेव्हा कारागृहाच्या कार्यालयात लिपिक होते. आस्थापनेचं टेबल माझ्याकडे. कोणाची नेमणूक, कोणाची रजा, कोणाची चौकशी, सगळे कागद माझ्या हातून जायचे. कारागृह कुठलं ते लिहीत नाही. लातूर-नांदेडच्या पट्ट्यातलं एक गाव समजा, नावानं काही अडत नाही. मी माहेरची निलंग्याची, आणि स्वभावानं तापट. घरचे म्हणायचे, कैदी बाहेर अन् ही आत असं पाहिजे होतं. म्हणून आधीच सांगते, सुभेदारांशी माझं पहिलं वर्षभर भांडणच होतं.

तुरुंगात सुभेदार म्हणजे शिपाई-हवालदारांच्या वरचा आणि साहेब लोकांच्या खालचा माणूस. वरून बोलणी खायची, खालून गाऱ्हाणी ऐकायची. ह्यांचं आडनाव गायकवाड, गाव देवणी तालुक्यातलं. वडील एका मोठ्या आडत्याकडे सालगडी होते, त्याच्या देवणी बैलांची सगळी निगा त्यांच्याकडे. सुभेदारांचं लहानपण गोठ्यात गेलं होतं आणि माणसं चालवण्याबद्दल त्यांना जे काही येत होतं ते तिथलंच होतं. खात्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं, प्रमाणपत्रही होतं. पण बोलायला लागले की बैलच.

"ताई, आमचा बाप दोन औतं वढलेल्या बैलाला तिसऱ्याला जुपत नव्हता. मालक वरडला तरी न्हाई. म्हनायचा, आता ह्यो चुकंल, न्हाईतर मारकुटा हुईल. मग मार कुनाला, तर बैलालाच!"

"आपण गोठा चालवत नाही, सुभेदार," मी म्हणायची.

"गोठा बरा की. तितं इचारत्यात तरी, जनावर बसलं का, खाल्लं का."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आज कबूल करते. आमच्याकडे मंजूर जागा कागदावर भरपूर, प्रत्यक्षात माणसं अपुरी. आठ तासांची एक ड्युटी, दिवसाच्या तीन. एकाची संपली की दुसऱ्याची सुरू, असा नियम. पण दुसरा आलाच नाही तर पहिल्यानंच थांबायचं, हा नियमाच्या खालचा नियम. शिवाय कोण कुठे उभा राहणार हे एका जुन्या हवालदाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर ठरायचं. ज्याच्याशी त्याचं जमतं त्याला कैद्यांच्या नातेवाइकांच्या मुलाखतीच्या खोलीची सावली, ज्याच्याशी बिनसलं त्याला भर दुपारी पहाऱ्याचा मनोरा. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. विचारलं तर म्हणायचा, "डोक्यात हाय सगळं."

सुभेदारांनी कुठल्याशा शाळेतून जुना फळा आणला आणि कँटीनच्या भिंतीला ठोकला. रोज संध्याकाळी उद्याच्या ड्युट्या खडूनं लिहायच्या, सगळ्यांसमोर. सगळ्यात वर मनोरा, दुपारची ड्युटी, आणि त्यापुढे आठवड्यातून दोनदा स्वतःचं नाव. सुभेदार मनोऱ्यावर चढतोय हे आमच्या तुरुंगानं कधी पाहिलं नव्हतं. कैदीसुद्धा मान वर करकरून बघायचे. तो हवालदार महिनाभर फुगून बसला. मीही फुगले, कारण फळ्यावरचं सगळं माझ्या रजिस्टरला उतरवून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. अन् त्या खडूची भुकटी माझ्या टेबलापर्यंत यायची ती वेगळीच.

मग त्यांनी गेटवर एक लाकडी स्टूल ठेवलं. गेटवरच्या शिपायानं आठ तास उभं राहायचं अशी आमच्याकडे रीत. साहेबांनी स्टूल पाहून भुवया चढवल्या, तर सुभेदार म्हणाले, "साहेब, मानूस हाय, खांब न्हाई. बसल्यानं जेल पळून जातंय व्हय?" स्टूल राहिलं.

पण आमच्या साहेबांशी त्यांची खरी गाठ पडली ती म्हशीवरून. साहेबांच्या बंगल्यावर आमचे तीन शिपाई असायचे. एक बागेला पाणी घालायला, एक मुलांना क्लासला सोडायला, आणि एक म्हशीकडे. हो, म्हशीकडे! साहेबांना चहा घरच्या दुधाचा लागायचा. ही तीन माणसं हजेरीपटावर ड्युटीवर, आणि इकडे आत लोक दोन-दोन ड्युट्या करून लटपटतायत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. हजेरीपट मीच लिहायची ना.

सुभेदारांनी तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. एका सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बंगला, म्हैस : गायकवाड सुभेदार.' आणि म्हशीच्या शिपायाला गेटवर लावलं. मी म्हटलं, "अहो, हे काय करायलाव तुम्ही?"

"बंगल्यावर मानूस पायजे ना? मला म्हशीचं कळतंय. त्या पोरापेक्षा शेरभर जास्त काढतो."

सोमवार म्हणजे भेटीचा दिवस. कैद्यांचे नातेवाईक रांगेत उभे, आणि बंगल्याचं आवार त्या रांगेसमोरच. तिथे आमचे सुभेदार, कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला, उकिडवे बसून म्हैस पिळतायत! रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत. एक म्हातारी तर पुढे होऊन म्हणाली, "सायेब, आधी सडाला पाणी मारा की." तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, बघितलं, आणि पुन्हा गाडीत बसले. सुभेदार उठून दुधाची बादली डाव्या हातात धरून उजव्यानं सॅल्यूट करत होते. "साहेब, झोप झाली का?"

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरचे तिघंही शिपाई आतल्या ड्युटीवर परत आले. साहेबांनी बाहेरचा गडी ठेवला. सुभेदारांना ते एका शब्दानंही बोलले नाहीत, हे मात्र साहेबांचं मोठेपण मानलं पाहिजे. त्या दिवसापासून मीही खडूबद्दल कुरकुर करणं सोडलं.

पुढे फळ्याखाली एक वही आली. दोरीनं बांधलेली, शंभर पानी. तिला सुभेदार 'गरजेची वही' म्हणायचे. महिन्यात प्रत्येकानं एक गरज लिहायची, कुणीही वाचायची. 'मुलीचा लातूरला क्लासचा पेपर.' 'आईला नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं.' 'बायको बोलत नाही, सासुरवाडीला जाणे.' ही शेवटची वाचून कँटीन आठवडाभर हसत होतं, पण त्या माणसाला सुट्टी मिळाली, आणि त्याची ड्युटी दुसऱ्यानं आपणहून घेतली. आधी असं कधी झालं नव्हतं. एकमेकांच्या घरात काय चाललंय हे दहा-दहा वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं.

श्रावणात मात्र वही घोटाळ्यात आली. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : पोळा. आमच्याकडची सगळी माणसं शेतकऱ्यांची, पोळ्याला घरी जायचं म्हणजे जायचंच. सगळे गेले तर तुरुंग कैद्यांच्याच हवाली. सुभेदारांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि एकेकाला उभं करून विचारलं, "तुज्या घरी बैल किती?"

पहिला उठला. "न्हाईत, सुभेदार. टॅक्टर हाय."

"टॅक्टरला झूल घालनार हाईस? बस खाली. तू?"

"इकले मागच्या साली."

"आन तू?"

"आमी वाट्यानं देतो रान."

बघता बघता सगळी खोली हसायला लागली. सुट्टी मागणाऱ्यांत खरे बैलवाले निघाले चारजण. बाकीचे नुसते पुरणपोळीवाले. शेवटी बिराजदार उठला. भीमाशंकर बिराजदार, निलंग्याकडचाच, चाळिशीतला, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं अगदी कमी. म्हणाला, "बैल न्हाईत. पर आई एकटी हाय. मातीचे बैल पुजती. आरतीला मागं उभं राहायला कुनी नस्तंय." सुभेदारांनी फळ्यावर चारऐवजी पाच सुट्ट्या लिहिल्या. 

सुभेदार स्वतः त्या वहीत काहीच लिहीत नव्हते. बायको गावाकडे, मुलगा पुण्याला, हे एकटे क्वार्टरमध्ये. बुद्धपौर्णिमेला मोठ्या पातेल्यात खीर करून सगळ्यांना वाटायचे, तेवढाच त्यांचा सण. मी एकदा विचारलं, "तुमची झोप कुणी विचारायची?" तर हसून म्हणाले, "माजं काय ताई, मी बगतो माजं." मला ते उत्तर आवडलं नव्हतं.

आता ती गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले.

त्या आठवड्यात चारपाच जण तापानं पडले होते. फळ्यावर नावांपेक्षा रेघाच जास्त. बिराजदारनं संध्याकाळची आणि रात्रीची अशा दोन ड्युट्या सलग केल्या, आणि सकाळी त्याला सोडायला येणारा माणूस आलाच नाही. सुभेदारांनी तिसऱ्यांदा त्याचंच नाव लिहिलं. मी सकाळी आले तेव्हा दोघं गेटवर उभे होते. सुभेदारांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "झोप झाली का?"

"न्हाई, सुभेदार."

"दुपारपतूर दम धर. सोडतो तुला." आणि बराकीच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी त्याच्या हातात दिला. हे मी स्वतः पाहिलं.

दुपारी जेवणानंतर कैद्यांना बराकीत बंद करतात. आधी मोजणी, मग कुलूप, मग सगळ्या बराकींचा आकडा कार्यालयात माझ्याकडे. त्या दिवशी आकडा आला आणि मी दोनदा बेरीज केली. एक जास्त.

कमी आला तर काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. घंटा वाजवायची, गेट बंद, सगळे हजर. पण जास्त? तुरुंगात फुकट राहायला कोण येणार! हवालदारानं पुन्हा मोजलं, पुन्हा एक जास्त. मग सुभेदार स्वतः निघाले, आणि रजिस्टर घेऊन त्यांच्या मागे मी.

शेवटच्या बराकीच्या गजांशी एक म्हातारा कैदी उभा होता. जन्मठेपेचा, एरवी मोठ्या तुरुंगात, इथल्या कोर्टात तारीख असली की महिनाभर आमच्याकडे यायचा. आम्हाला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू साहेब, मानूस झोपलंय."

कोपऱ्यात चादर पांघरून कुणीतरी निजलं होतं. चादरीतून बूट दिसत होते. खात्याचे, काळे. बिराजदार! आतली मोजणी करायला शिरला, भिंतीला टेकून घटकाभर बसला, आणि तिथेच आडवा झाला. बाहेरच्या शिपायानं, आजारी कैदी असेल, म्हणून त्यालाही मोजलं आणि आपल्याजवळच्या किल्लीनं कुलूप लावलं. म्हाताऱ्यानं आपली चादर त्याच्या अंगावर टाकली होती. आणि बिराजदारच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा म्हाताऱ्याच्या हातात होता. गजांमधून हात बाहेर काढून त्यानं तो सुभेदारांना दिला. "खाली पडला हुता. दुसऱ्या कुनाच्या हाती जाऊ नये म्हनून धरला."

 बराकभर कैदी, हातात किल्ल्या, आणि सगळे चिडीचूप बसलेले, कारण एक माणूस झोपला होता. सुभेदारांनी जुडगा घेतला आणि म्हाताऱ्याला हात जोडले. नमस्कार करताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

हे दाबून ठेवण्यासारखं नव्हतं. वरून चौकशी लागली. ड्युटीवर झोप, तीही किल्ल्यांसकट कैद्यांच्या बराकीत! बिराजदारची नोकरी जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्याची आई निलंग्याहून एसटीनं आली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिली. आणि नेमक्या त्याच महिन्यात सुभेदारांचं नाव तुरुंगाधिकारीपदाच्या यादीत पहिलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. शिपाई म्हणून लागलेला सालगड्याचा पोरगा अधिकारी म्हणून घरी जाणार होता. यादी माझ्या टेबलावर होती. मी त्यांच्याआधी वाचली होती आणि पेढेही मनात ठरवून ठेवले होते.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी जबाब सांगितला आणि मी टाइप केला. जबाब असा, की तिसरी ड्युटी मी लावली, माणसं नव्हती, दुसरा इलाज नव्हता. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाले, "ल्हिवा. सकाळी मी त्याला इचारलं, झोप झाली का. तो न्हाई म्हनला. तरी मी किल्ल्या दिल्या."

माझे हात थांबले. "हे कशाला? हे कुणी विचारलंय?"

"इचारलं न्हाई म्हनूनच सांगायचं."

मी ती ओळ गाळली. सरळ गाळली, खोटं कशाला सांगू. कागद काढून सहीला पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि कागद परत माझ्यासमोर ठेवला. "ताई, एक ओळ ऱ्हायली."

मग मात्र माझा तोल गेला. "अहो, ह्या एका ओळीनं तुमचं प्रमोशन जाईल! आयुष्यभर मनोऱ्यावर चढलात, आता एकदा खुर्चीवर बसायचं तर..."  मी रडत होते आणि स्वतःवरच चिडत होते.

सुभेदार शांत होते. "ताई, रोज इचारतो मी. सगळे हसत्यात. त्या दिवशी खरं उत्तर मिळालं आन मी ऐकलं न्हाई. आता तीच ओळ गाळली तर इतकी वर्षं इचारलं कशाला?"

मी ओळ टाइप केली.

चौकशीला आलेले अधिकारी कमी बोलणारे होते. त्यांनी जबाब दोनदा वाचला, फळा पाहिला, वही मागून घेतली आणि अर्धा तास कँटीनमध्ये एकटे बसून वाचत राहिले. निकाल दोन महिन्यांनी आला. बिराजदारला ताकीद, नोकरी शाबूत. सुभेदारांवर ठपका, नाव यादीतून खाली. आणि तिसरा कागद आमच्या कारागृहासाठी : सलग दोन ड्युट्या झालेल्या कुणाच्याही हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत, पद कोणतंही असो. पाठोपाठ सहा नवी माणसं आली. तो कागद सुभेदारांनी फळ्याशेजारी काचेत लावला. ठपक्याचा कागद मी फाइलला लावला, तेव्हा छिद्रं पाडायचं यंत्र इतक्या जोरात आपटलं की साहेब बाहेर येऊन बघून गेले.

निवृत्तीच्या महिन्यात वहीत सुभेदारांचं अक्षर पहिल्यांदा दिसलं. 'शेवटच्या दिवशी गेटवर ड्युटी पाहिजे. गायकवाड.' दिली. पण आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्याच्याही जागेवर हेच थांबले. संध्याकाळची झाली, रात्रीची झाली, सकाळ झाली. सहा नवी माणसं येऊनसुद्धा हे! सांगून ऐकणारा माणूस नव्हता तो.

मी सकाळी साडीबिडी नेसून, हाराची पिशवी घेऊन आले, तेव्हा गेटवर बिराजदार त्यांच्यासमोर उभा होता. तो आता हवालदार झाला होता आणि फळा तोच लिहायचा. कपाळावर भस्म, हात मागे बांधलेले.

"झोप झाली का, सुभेदार?"

सुभेदार हसले. "मी बगतो माजं."

"झाली का न्हाई तेवढं सांगा."

सुभेदारांनी टोपी सरळ केली. मग हळूच म्हणाले, "न्हाई रे."

"मग किल्ल्या द्या. दोन ड्युट्या झाल्या तुमच्या." बिराजदारनं हात पुढे केला. सुभेदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काचेतल्या त्या कागदाच्या दिशेला पाहिलं, आणि कमरेचा जुडगा सोडून त्याच्या तळहातावर ठेवला. बिराजदारनं त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं. बसल्याबसल्या दोन मिनिटांत त्यांची हनुवटी छातीला टेकली. टोपी पडायला आली, ती बिराजदारनं अलगद काढून घेतली.

आत खुर्च्या मांडल्या होत्या, शाल-श्रीफळ ठेवलं होतं, समारंभाची वेळ टळून गेली होती. नवे अधीक्षकसाहेब घड्याळ बघत बाहेर आले. "काय हे? कुठे आहेत सुभेदार?"

बिराजदारनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू साहेब," तो म्हणाला, "मानूस झोपलंय."